अनुभव धागा : हायवेवरचे ट्रक ड्रायव्हर

कोल्हापूरच्या हायवेवर, किणी टोल ते कागल, रोज आपण ट्रकच्या मागं अडकतो आणि हॉर्न बडवतो. त्या केबिनमधल्या माणसाशी कधी बोलणं झालंय? झालं असेल तर इथं लिहा. 'सलाम', 'त्रिवार वंदन' नको. काय बघितलं तेवढं लिहा. शुद्धलेखन कोण तपासणार नाही.

शिरोलीतून
ऑगस्ट 2019 चा महापूर. पंचगंगेचं पाणी हायवेवर चढलं आणि जवळजवळ आठवडाभर गाड्या जागेवर. आम्ही पोरं पिठलं-भाकरी पोचवायचो. एक तमिळ ड्रायव्हर होता, नाशिककडनं कांदा भरून गावाकडं निघालेला. ना त्याला मराठी, ना आम्हाला तमिळ. रोज सकाळी तो मागचा दोर सोडायचा, ताडपत्री एका कोपऱ्यातनं उचलायचा, वास घ्यायचा आणि परत आवळून बांधायचा. तिसऱ्या दिवशी फाळक्यातनं पाणी गळायला लागलं. पाचव्या दिवशी त्यानं दोर सोडलाच नाही. भाकरी मात्र निम्मी मोडून पहिल्यांदा किन्नराला, म्हणजे गाडीवरच्या क्लीनरला दिली, रोजच्यासारखी.

मार्केट यार्ड, गूळ अडत
माझी चूक लिहितो. आमचा गूळ गुजरातला जातो. एका खेपेला तळाचे चार रवे (गुळाच्या ढेपा) पाझरले, मी ड्रायव्हरच्या भाड्यातनं पैसे कापले. अवकाळी पाऊस होता, त्याचा काय दोष? पुढच्या खेपेला तोच मामा आला. कायबी बोलला नाही. हमालांना थांबवलं, हौद्यात आधी भाताचं पिंजर, म्हणजे वाळला पेंढा पसरलं, मग रवे चढवू दिले. पिंजर कुठनं आणलं, कितीला आणलं, मी विचारलंसुद्धा नाही.

आंबा घाटात
धुकं. पुढच्या ट्रकवाल्यानं उजवा हात बाहेर काढून थांबवलं, वळण संपल्यावर त्याच हातानं 'जा' म्हणाला. तोंड दिसलं नाही.

ड्रायव्हरची मुलगी, उचगाव
पप्पांचा उजवा हात डाव्यापेक्षा काळा आहे. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांच्याच पप्पांचा असतो. खिडकीकडचा हात तो! 1 ऑक्टोबर 2025 नंतर बनलेल्या ट्रकला एसी केबिन सक्तीची झाली, ही बातमी मी त्यांना वाचून दाखवली. पप्पांची गाडी 2014 ची. म्हणाले, "मग आता हात गोरा व्हायचा न्हाई." आई हसली नाही.

मी स्वतः ड्रायव्हर, 19 वर्सं
लोकास्नी वाटतंय गाडी चालवणं अवघड. चालवणं सोपं हाय ओ. थांबणं अवघड. माल पोचला म्हणून सुटका न्हाई, कंपनीच्या गेटवर नंबर लागतोय. कधी सहा तास, कधी दोन दिस. आत सोडत न्हाईत, संडास आतच. गाडी सोडून लांब गेलं तर डिझेल न्हाईतर बॅटरी जाती. 1961 च्या मोटार कामगार कायद्यात, जो 2025 पत्तुर हुता, दिवसाला 8 तास काम लिहिल्यालं म्हणं. ह्ये थांबल्यालं त्यात धरायचं का न्हाई, त्ये आमच्या मालकाला इचारा. भत्ता तर चाललेल्या ट्रिपचाच मिळतोय.
आत्ताबी गेटवरच हाय. पुढं अकरा गाड्या. शेजारचा आंध्रचा गाडीवाला स्टोव्हवर भात करालाय, मला म्हणतोय ताट आण. बाकीचं मागनं लिवतो.