एफ२ आलंय, तरी थांबू नका

ताई, तुमच्या भावाला हिपॅटायटिस सी आहे, यकृताच्या बायोप्सीत 'ए२ एफ२' आलंय आणि घरचे म्हणतात, सिरॉसिस (व्रणांनी यकृत कडक होणं) नाही ना, मग औषधाची घाई कशाला. कृपा करून थांबू नका.

ए म्हणजे यकृतात सध्या किती सूज चालू आहे आणि एफ म्हणजे आजवर किती व्रण धरलेत. एफ० ला व्रण नाही, एफ४ म्हणजे सिरॉसिस. भाऊ मधोमध आहे, पण ए२ सांगतंय की आत धग चालूच आहे.

'थांबून बघू' हा सल्ला इंटरफेरॉनच्या काळातला. माझ्या आईने २००९ मध्ये ती इंजेक्शनं घेतली. दर आठवड्याला पोटावर सुई, मग रात्रभर हुडहुडी, दोन गोधड्या टाकूनही दात वाजायचे. असे ४८ आठवडे! तेव्हा एफ१ वाल्यांना थांबवायचे ते समजण्यासारखं होतं. आता सोफोसबुविर-डॅक्लाटासविरच्या गोळ्या, सिरॉसिस नसेल तर बहुतेकांना १२ आठवडे, आणि शंभरातले नव्वदहून जास्त बरे होतात. २०१८ पासून राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात त्या सरकारी केंद्रांवर मोफत मिळतात.

एक मात्र नक्की विचारा, हिपॅटायटिस बी ची तपासणी झालीय का? तो दबून बसला असेल तर या गोळ्यांनंतर उसळू शकतो. चालू असलेली सगळी औषधंही, काढ्यांसकट, डॉक्टरांना दाखवा. कोर्स संपल्यावर १२ आठवड्यांनी आरएनए तपासणी करायची, म्हणजे रक्तात विषाणू उरलाय का ते कळतं. आईचा तो 'निगेटिव्ह' रिपोर्ट अजून देवघराच्या खणात आहे.