रिटर्नला मराठीत 'परत करणे' म्हणायचं का? आणि प्रिंटला 'छापणे'?

भाच्याला सुट्टीत पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवतेय, सगळं मराठीतच सांगायचं ठरवलं आणि पहिल्याच आठवड्यात अडकले. त्याने 'नमस्कार' नावाचं फंक्शन, म्हणजे नावाने बोलावता येणारा कोडचा तुकडा, लिहिलं (हो, पायथॉन ३ मध्ये नाव देवनागरीत चालतं, डेफ आणि रिटर्न हे पायथॉनचे ठरलेले शब्द तेवढे रोमनमध्येच), आत नुसतं प्रिंट. 'सई' हे नाव देऊन चालवलं की "नमस्कार सई" दिसतं, स्वारी खूश. मग त्या फंक्शनकडून जे येईल ते 'उत्तर' नावाच्या व्हेरिएबलमध्ये ठेवलं आणि 'उत्तर' प्रिंट केलं तर नमस्कार सई आलंच पण खाली आणखी एक ओळ, नन (None, पायथॉनचं 'काहीच नाही'). ही नन कोण म्हणे. मी म्हटलं तू रिटर्न लिहिलं नाहीस, फंक्शनने काही परत केलं नाही. तर म्हणतो, "मावशी, त्याने घेतलंच काय होतं परत करायला?" आता सांगा काय शब्द वापरू.

---

भाचा बरोबर बोलला की! परत करणे म्हणजे नेलेलीच वस्तू देणे, छत्री, उसने पैसे, लायब्ररीचं पुस्तक. इथे 'सई' आत गेलं आणि 'नमस्कार सई' बाहेर आलं, ते परत केलेलं कसं? शिवाय इंग्रजीतला एकच शब्द आपल्याकडच्या दोन क्रियापदांचं काम करतो, माणूस परततो आणि वस्तू परत देतो. पायथॉनमध्ये दोन्ही एकदम घडतं, रिटर्नची ओळ आली की फंक्शन तिथेच संपतं, त्याखाली काहीही लिहा, ते चालवलंच जात नाही, आणि जिथून बोलावलं तिथे ते काहीतरी घेऊन येतं. म्हणून मी 'घेऊन परतणे' म्हणतो.

---

नुसतं 'परतणे' नका म्हणू हां, "फंक्शन स्ट्रिंग (म्हणजे मजकूर) परततं" वाचलं की मला कढईत लालसर होत आलेला कांदाच दिसतो 😄
मी मुलांना गिरणी सांगते. गव्हाचा डबा दिला, पिठाचा डबा हातात आला, हे रिटर्न, आता पोळ्या करा नाहीतर शेजारी द्या. प्रिंट म्हणजे गिरणीवाला आतून ओरडतो "दळण झालं हो!" आणि तुमच्या हातात रिकामा डबा. ऐकू आलं, पण त्या ओरडण्याच्या पोळ्या होत नाहीत.

---

ताई, गिरणी झकास, पण रिकामा डबा नको. रिकामा डबा म्हणजे रिकामी स्ट्रिंग, तिची लांबी ० असते पण ती स्ट्रिंगच, तिला दुसरी स्ट्रिंग जोडता येते. नन म्हणजे हातात डबाच नाही. त्या 'उत्तर'ला अधिकचं चिन्ह देऊन "कशी आहेस" जोडायला सांगा भाच्याला, टाइपएरर येईल, म्हणजे हे दोन प्रकार जोडता येत नाहीत अशी तक्रार.

---

प्रिंटबद्दल कोणीच बोललं नाही. 'छापणे' आज विचित्र वाटतं पण मुळात ते खरंच छापणंच होतं, १९६४ च्या डार्टमथ बेसिक या प्रोग्रामिंगच्या भाषेत प्रिंट म्हटलं की टेलिटाइपच्या कागदावर अक्षरं उमटायची. आता कागद गेला, शब्द राहिला. मी 'दाखवणे' म्हणतो, फाइलमध्येही प्रिंट करता येतं त्यामुळे अगदी चपखल नाही, पण नवख्याला पुरे.
आणि घोळाचं खरं मूळ शब्दात नाहीये, पायथॉनच्या त्या तीन बाणांच्या प्रॉम्प्टवर आहे, जिथे एकेक ओळ लिहून लगेच चालवता येते. तिथे रिटर्न केलेली स्ट्रिंगही आपोआप दिसते, त्यामुळे पोरांना दोन्ही सारखंच वाटतं. फरक इतकाच की रिटर्नवाली अवतरणचिन्हांसकट येते आणि प्रिंटवाली तशीच उघडी. तेच फाइलमध्ये लिहून चालवलं की रिटर्नवाली गायब, मग रडारड.

---

अवतरणचिन्हांचं कधी लक्षातच आलं नव्हतं, थँक्यू! गिरणी सांगितली, डबाच नाही हेही सांगितलं. पाच मिनिटं गप्प बसला आणि मग प्रिंटच्या कंसात प्रिंट लिहून आला, खाली नन. "मावशी, प्रिंट पण फंक्शनच आहे, आणि ते पण हात हलवत परत येतं."