इंटर्नशिपमध्ये फाइल सांभाळू की वर्ग? बी.एड. दुसरं वर्ष, इंदूर

खडूफळा

नमस्कार मंडळी. मी इंदूरची, बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि सध्या इंटर्नशिप चालू आहे, ती १६ आठवड्यांची मोठी वाली. शाळा सरकारी, हिंदी माध्यम, माझ्याकडे सहावी-सातवीचं गणित. घरी मराठी असली तरी माझं सगळं शिक्षण हिंदीतच झालंय त्यामुळे भाषेचा काही प्रश्न नाही, प्रश्न वेगळाच आहे.

कॉलेजचा सगळा जीव फाइलीत आहे. पाठ योजनेची फाइल, निरीक्षणाची फाइल, केस स्टडी, डायरी, टीएलएमचे (शिकवण्याच्या साहित्याचे) चार्ट, आणि प्रत्येक पानाला स्केचपेनची बॉर्डर पाहिजे. घरची जेवणं आटोपली की मी मध्यरात्रीपर्यंत हेच करत बसते. बऱ्याच जणी सीनियरची फाइल समोर ठेवून उतरवून काढतात आणि मार्क चांगले पडतात, मी त्यांना दोष देत नाही कारण पाठ बघायला येणाऱ्या मॅडम मागे थोडा वेळ बसतात, फळ्यावर तारीख-विषय लिहिलाय ना, चार्ट टांगलाय ना एवढं बघतात आणि सही करून पुढच्या वर्गात जातात. शाळेतले गणिताचे सर भले आहेत पण त्यांच्यामागे ऑनलाइन माहिती भरायचं काम इतकं आहे की वर्ग जवळपास माझ्यावरच असतो.

आता वर्गाचं सांगते. सातवीला अपूर्णांकांची बेरीज शिकवली. प्रस्तावना, उद्देश कथन, प्रस्तुतीकरण, पुनरावृत्तीचे प्रश्न, सगळं योजनेप्रमाणे झालं. शेवटी विचारलं "समझ में आया?" तर सगळे एका सुरात "जी मैडम". घरी येऊन वह्या बघितल्या तर अर्ध्याहून जास्त मुलांनी १/२ + १/३ = २/५ लिहिलेलं. एका मुलीने तर पूर्ण पानभर गणितं सोडवली होती, अक्षर मोत्यासारखं, खाली दोन-दोन रेघा, आणि एकूण एक उत्तर याच पद्धतीने चुकलेलं. वर अंशांची बेरीज, खाली छेदांची बेरीज. मला त्या पानावर लाल पेन चालवायचा धीरच झाला नाही.

मला खरंच शिक्षिका व्हायचंय, दुसरं काही मिळालं नाही म्हणून इथे आलेले नाही. उरलेल्या आठवड्यांत मी वेळ कशाला देऊ? आणि मुलांना समजलंय का हे वर्गात उभं राहूनच कसं कळतं?

जिरावन_जास्त

अगं सेम टू सेम. मी सामाजिक विज्ञानाला आहे. फाइलचं काम मी शाळेतल्या रिकाम्या पिरियडला तिथेच बसून संपवून टाकतो, घरी फाइल आणतच नाही, बॉर्डर फक्त पहिल्या पानाला, अजून तरी कोणी टोकलं नाही. रात्र मोकळी मिळाली तर दुसऱ्या दिवशी वर्गात आवाज तरी नीट निघतो. अपूर्णांकांचं गणितवाले सांगतील.

निवृत्त_गणितवाले

बेटा, आधी एक कर, "समझ में आया?" हा प्रश्न विचारणं बंद कर. त्याला हो म्हटलं की पोरं सुटतात आणि नाही म्हटलं की उभं राहून सगळ्यांसमोर सांगावं लागतं, मग नाही कोण म्हणेल. त्याऐवजी एकच छोटं गणित फळ्यावर दे, दोन मिनिटं दे आणि तू बाकांमधून फिर. कोणाची पेन्सिल कुठे अडकली ते तिथेच दिसतं.

आता २/५. हे उत्तर आळसातून आलेलं नाही, त्यामागे विचार आहे. पोरं १/२ ला एक संख्या मानतच नाहीत, ती त्यांना रेघेच्या वर-खाली बसलेल्या दोन वेगळ्या संख्या दिसतात. मग वरच्यात वरची आणि खालच्यात खालची मिळवली, त्यांच्या हिशोबाने बरोबरच झालं की. त्या पोरीने पानभर तीच पद्धत न चुकता वापरली म्हणजे पोरगी नेमाने काम करणारी आहे, तिला फक्त नेम चुकीचा सापडलाय. लाल पेन थांबवलास ते बरं केलंस.

ल.सा.वि.ची रीत पुन्हा सांगत बसू नकोस. तिला विचार, अर्धी पोळी तुझ्याजवळ होती, त्यात आणखी थोडी मिळाली, तर आता अर्ध्यापेक्षा जास्त आहे की कमी? जास्तच म्हणणार. मग विचार २/५ अर्ध्यापेक्षा जास्त की कमी? पाचाचं अर्धं अडीच, म्हणजे २/५ अर्ध्याहून कमी. मिळवून कमी कसं झालं? इथे थांब आणि तू काही बोलू नकोस. पोरं आपसांत भांडायला लागतील, भांडू दे.

मग चौकटीची वही घ्यायला सांग. एका ओळीतल्या ६ चौकटींभोवती पेन्सिलने रेघ मारायची, ही एक पूर्ण पट्टी. तिचा अर्धा भाग म्हणजे ३ चौकटी, एका रंगात. तिसरा हिस्सा म्हणजे २ चौकटी, दुसऱ्या रंगात. मोजा किती रंगल्या? सहातल्या ५. नंतर विचार, मी ६ चौकटीच का घ्यायला लावल्या, ५ घेतल्या असत्या तर? तेव्हा त्यांना दिसतं की ५ चे ना दोन सारखे भाग होतात ना तीन. ल.सा.वि. कशासाठी काढतात ते इथे कळतं, नाहीतर ती नुसती पाठ केलेली रीत राहते. पुढचं गणित १/२ + १/४ दे आणि पट्टी किती चौकटींची घ्यायची ते त्यांनाच ठरवू दे.

आणि वह्या घरी आणतेस ना, त्यांचे तीन गठ्ठे कर. बरोबर, एकाच प्रकारे चुकलेल्या, आणि वेगवेगळ्या प्रकारे चुकलेल्या. दुसऱ्या दिवशीचा पाठ मधल्या गठ्ठ्यापासून सुरू करायचा, नाव कोणाचं घ्यायचं नाही.

भंवरकुआं_लायब्ररी

जरा वेगळं सांगतो पण कामाचं आहे. तू सहावी-सातवीच धरून ठेव. ११ ऑगस्ट २०२३ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर बी.एड.वाल्यांना पहिली ते पाचवीला म्हणजे आपल्याकडच्या वर्ग ३ ला जागा नाही, तिथे डी.एल.एड. (प्राथमिक शिक्षकांची पदविका) लागतं, हे अजूनही बऱ्याच जणांना फॉर्म भरायच्या वेळी कळतं आणि मग धावपळ होते. सीटेट म्हणजे केंद्राची शिक्षक पात्रता परीक्षा दुसऱ्या वर्षात असतानाच देता येते, तू पेपर २ दे, तो सहावी ते आठवीसाठी असतो. १५० प्रश्न, त्यात गणित-विज्ञानाचे ६०, बालविकास आणि अध्यापनाचे ३०, निगेटिव्ह मार्किंग नाही. आणि त्यात भाषा म्हणून मराठी घेता येते! आपल्या इथल्या मराठी घरांतली मुलं सवयीने हिंदी-इंग्रजी टिक करून मोकळी होतात, पण घरात रोज मराठी वाचत असशील तर विचार करून बघ. राज्याच्या शाळांसाठी मात्र एमपीची पात्रता परीक्षा वेगळी द्यावी लागते. बालविकासाच्या त्या ३० प्रश्नांत बरेच असे असतात की मूल असं चुकलं तर शिक्षक काय करेल, म्हणजे तुझ्या वह्यांचे गठ्ठे इथेही कामाला येतात.

शिक्षणशास्त्र_शिकवते

मी बी.एड. कॉलेजात शिकवते म्हणून दुसरी बाजू मांडते. फाइल सजवण्याला माझा पाठिंबा नाही, बॉर्डरला मार्क देणं मला पटत नाही आणि आमच्या मीटिंगमध्ये मी तसं बोलते. पण पाठ योजनाच फालतू आहे असं कृपा करून मनात धरू नका. प्रस्तावनेपासून सुरू होणारा जो साचा आपण वापरतो तो हर्बार्ट या जर्मन शिक्षणतज्ज्ञाच्या शिष्यांकडून, १९ व्या शतकातून आलाय आणि त्यात शिक्षकाने काय करायचं ते सगळं आहे, मुलाच्या डोक्यात काय चाललं असेल त्याला मात्र जागा नाही. मग ती जागा आपण करायची. माझ्या मुलींना मी एक रकाना जास्तीचा आखायला लावते, "मुलं इथे काय चुकतील". तो भरायला वह्या बघाव्याच लागतात, सीनियरच्या फाइलीतून उतरवता येत नाही.

सूक्ष्म शिक्षणाचंही, म्हणजे काही मिनिटांचा छोटा पाठ घेऊन एकेका कौशल्याचा सराव करण्याचंही, असंच झालंय. स्टॅनफर्डला १९६० च्या दशकात ते निघालं आणि आपल्या देशात रुजवणाऱ्यांत बी. के. पासी सरांचं नाव मोठं, ते आधी बडोद्याला होते आणि नंतर आपल्याच इंदूरच्या विद्यापीठात. ६ मिनिटं शिकवायचं, ६ मिनिटं प्रतिपोषण म्हणजे काय जमलं-चुकलं ते ऐकायचं, १२ मिनिटांत योजना बदलायची, परत ६ मिनिटं शिकवायचं आणि परत ६ मिनिटं प्रतिपोषण, असं ३६ मिनिटांचं चक्र. सगळा जीव त्या मधल्या १२ मिनिटांत आहे आणि कॉलेजांत नेमकी तीच गाळली जातात, एकदा शिकवलं, टाळ्या, पुढची ये. इंटर्नशिपमध्ये ती १२ मिनिटं तुला रोज रात्री मिळतात. बॉर्डरचा वेळ तिथे घाल. मॅडम विचारतील तेव्हा तो जास्तीचा रकाना त्यांच्यासमोर ठेव, बहुतेक जणी वाचतात गं, आम्हालाही वाचण्यासारखं काही मिळालं की आनंदच होतो.

खडूफळा

सगळ्यांचे खूप खूप आभार, सर तुमचे तर विशेष. काल सातवीत करून बघितलं. "मिळवून कमी कसं झालं" म्हटल्यावर आधी एकदम शांत, मग असा गोंधळ झाला की शेजारच्या वर्गातल्या मॅडम दारात येऊन बघून गेल्या. ती मोत्यासारख्या अक्षरवाली बराच वेळ स्वतःच्या वहीकडे बघत होती, मग कोणी न सांगता तिने ६ चौकटी आखल्या आणि मागचं पान उलटून पहिलं गणित परत सोडवलं. फळ्यावर मी जेमतेम दोन ओळी लिहिल्या असतील.

पण एक नवीनच निघालं. शेवटच्या बाकावरच्या एका मुलाने ६ ऐवजी १२ चौकटी घेतल्या, त्याचं उत्तर आलं १०/१२. बाजूचा म्हणतो गलत है, हा म्हणतो मैंने गिना है. तेवढ्यात घंटा झाली. मी त्याला सांगितलं की उद्या यावरच बोलू. सर, उद्या सुरुवात कुठून करू?

निवृत्त_गणितवाले

वा! त्यालाच फळ्यावर बोलाव. त्याची १२ ची पट्टी वर काढू दे आणि दुसऱ्या कोणाची ६ ची बरोबर तिच्या खाली, दोन्हींची लांबी सारखी पाहिजे, हे आधी सांग नाहीतर सगळा घोळ होईल. सगळ्या वर्गाला विचार, रंगलेला भाग कोणाचा जास्त? दोन्ही रंग एकाच जागी संपलेले दिसतील. सममूल्य अपूर्णांक त्यांनी सहावीत केलेत पण वर-खाली एकाच संख्येने गुणायचं एवढंच लक्षात असतं, इथे ते मोजून दिसतं. नंतर विचार १८ चौकटी घेतल्या तर किती रंगतील, आणि ८ घेतल्या तर काय अडचण येईल. ८ वाला प्रश्न सोडू नकोस, पिरियड त्यातच गेला तरी चालेल. आणि त्या बाजूच्या पोराला पण बोलू दे, त्याला १०/१२ गलत का वाटलं ते त्याच्याच तोंडून ऐक.