आखातात लेकरू वाढवताना : अनुभव धागा

आखातात नव्याने आलेल्या आईचे प्रश्न ठरलेले असतात: कागद, पाणी, औषध, शाळा, आणि आईला कधी बोलवू? उत्तरं शेजारणीकडून तुकड्यातुकड्यांत मिळतात, तीही चूक होऊन गेल्यावर. ज्यांना ही वाट पाठ आहे त्यांना इथे लिहायची विनंती केली होती. स्वतःची कहाणी नको, माप आणि तारीख हवी. देश आधी सांगा, कारण दुबईचा (अमिरातीचा) नियम मस्कतला (ओमानला) चालत नाही.

दुबई

बाळ जन्मलं की १२० दिवसांत त्याचा रेसिडन्स व्हिसा झाला पाहिजे, नाहीतर पुढच्या प्रत्येक दिवसाला दंड. चार महिने म्हणजे पुष्कळ, असं वाटतं. पण जन्मदाखल्याशिवाय पासपोर्ट नाही आणि पासपोर्टाशिवाय व्हिसा नाही, त्यामुळे एक कागद अडला की मागचे सगळे अडतात. पहिला महिना झोपेत जातो, म्हणून नवऱ्याने पहिल्याच आठवड्यात हे काम हातात घ्यायचं. टायपिंग सेंटरवाला फॉर्म भरून देतो, पण स्पेलिंग तपासणं आपलं काम.

बाळाचं नाव दवाखान्यात जाण्याआधी ठरवा. बारसं बाराव्या दिवशी करा, पण दाखला बारशासाठी थांबवू नका. नाव इंग्रजीत मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून फाइलला लावून ठेवा. अरबीत 'प' नाही, तेव्हा प्रणवचा ब्रणव होणारच, तिथे वाद घालून उपयोग नाही. इंग्रजी मात्र अक्षर न् अक्षर जुळवा, विशेषतः आईचं नाव. लग्नानंतर आडनाव बदललेलं, पासपोर्ट अजून माहेरच्या नावाचा, हे आपल्याकडे घरोघरी. पासपोर्टावर जे आहे तेच सगळीकडे लावायचं.

भारतीय पासपोर्टाच्या अर्जात मधल्या नावाला वेगळा रकाना नाही. बाळाचं नाव आणि वडिलांचं नाव पहिल्या रकान्यात, आडनाव दुसऱ्यात. आडनावाचा रकाना रिकामा सोडू नका. नोव्हेंबर २०२२ पासून अमिरात एकेरी नावाच्या पासपोर्टावर व्हिजिट व्हिसा देत नाही, आणि मूल पुढे कुठे राहील ते आज कोणाला माहीत?

फोटो हे खरं दिव्य. डोळे उघडे, तोंड मिटलेलं, पार्श्वभूमी पांढरी, मागे आईचा हात नको. स्टुडिओत नेऊ नका. घरीच खिडकीजवळ गादीवर पांढरी चादर ताणून घाला, बाळाला उताणं ठेवा आणि सरळ वरून फोटो घ्या. फ्लॅश बंद. चादरीला सुरकुती असली की सावली पडते आणि फोटो परत येतो. वेळ साधायची ती दूध पाजल्यानंतर वीस-एक मिनिटांची, पोट भरलेलं आणि झोप अजून आलेली नाही तेव्हाची.

सहीच्या जागी अंगठा लागतो, मुलाचा डावा आणि मुलीचा उजवा. तो बाळ गाढ झोपलेलं असताना घ्या. जागं बाळ मूठ आवळतं आणि ठसा फरफटतो. अंगठा शाईच्या पॅडवर दाबायचा नाही, नुसता टेकवायचा. आधी कोऱ्या कागदावर दोन ठसे घ्या, तिसरा फॉर्मवर. शाई लगेच ओल्या फडक्याने पुसा, नाहीतर तोच अंगठा तोंडात जातो.

आणखी एक. भारतीय दूतावासात जन्माची नोंद वर्षाच्या आत व्हायला हवी. बाळाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असं आईवडिलांनी लिहून द्यायचं असतं. वर्ष उलटलं की केंद्र सरकारची परवानगी लागते. पासपोर्ट मिळाला म्हणून हा कागद सोडून देऊ नका. दुबई आणि उत्तरेकडच्या अमिरातींसाठी दुबईचा वाणिज्य दूतावास, अबुधाबीवाल्यांसाठी तिथला राजदूतावास.

मस्कत

विवाहनोंदणीच्या दाखल्याबद्दल भर. फॅमिली व्हिसापासून प्रत्येक टप्प्यावर तो मागतात, आणि लग्नाचा अल्बम दाखवून भागत नाही. ओमान, बहारीन आणि सौदी अपॉस्टिल, म्हणजे करारातल्या सगळ्या देशांत चालणारा एकच शिक्का, मानतात: आधी राज्य शासनाचा शिक्का, मग दिल्लीच्या परराष्ट्र मंत्रालयाचं अपॉस्टिल. अमिरात, कुवेत आणि कतार या करारात नाहीत, त्यामुळे तिथे मंत्रालयानंतर त्या देशाच्या दूतावासाचाही शिक्का, आणि तिथे पोचल्यावर तिथल्या परराष्ट्र खात्याचा. अपॉस्टिल करून दुबईला निघालेला दाखला परत भारतात पाठवावा लागतो. निघण्याआधी मूळ दाखल्याच्या दोन प्रती काढून दोन्हींवर शिक्के घ्या.

अबुधाबी

माहेरी बाळंतपण की इथे, हा प्रश्न भावनेने सोडवू नका, कॅलेंडर काढा.

साध्या रेसिडन्स व्हिसावर सलग १८० दिवस देशाबाहेर राहिलं की व्हिसा गळतो. विमान कंपन्या साधारण २८-२९ आठवड्यांनंतर डॉक्टरांचं पत्र मागतात आणि एकच बाळ असेल तर ३६ आठवड्यांपर्यंतच नेतात, जुळी असतील तर ३२. समजा तिसावा आठवडा संपता निघालात. प्रसूतीपर्यंत दहा आठवडे, म्हणजे ७० दिवस. उरले ११०. त्यात नगरपालिकेचा जन्मदाखला, पासपोर्ट, बाळाचा प्रवेश परवाना आणि परतीचं तिकीट, आणि तारीख उलटून प्रसूती झाली तर तेही दिवस यातलेच. अठ्ठाविसाव्या आठवड्यात निघालात तर १४ दिवस आणखी कमी. दाखल्यात एक अक्षर चुकलं की दुरुस्तीत किती जातील याचा नेम नाही. तेव्हा माहेरी जायचंच असेल तर प्रसूतीनंतर पहिल्या आठवड्यात दाखल्याचा अर्ज गेलाच पाहिजे. हे काम मामाला द्या, आजोबांना नको. आजोबा साहेबाशी गप्पा मारून परत येतात.

इथेच बाळंतपण करायचं आणि आईला बोलवायचं असेल तर व्हिजिट व्हिसा ६० दिवसांचा घ्या, ३० चा नको. छत्तिसाव्या आठवड्यात आई आली तर २८ दिवस वाट पाहण्यात जातात, उरतात ३२, सव्वा महिना भरत नाही. अडतिसाव्यात आली तर ४६ उरतात. पहिल्या दोन आठवड्यांत माणूस लागतं हे खरं, पण दमणूक कळते ती तिसऱ्या आठवड्यापासून, जेव्हा नवरा कामावर गेलेला असतो. आई आणि सासूबाई एकाच वेळी नकोत. एकीच्या पाठोपाठ दुसरी, मध्ये दोन दिवस एकत्र, म्हणजे सामान आणि सूचना हातोहात सोपवल्या जातात.

दुबई, नोकरी करणारी

खासगी नोकरीत बाळंतपणाची रजा ६० दिवस: ४५ पूर्ण पगारी, १५ अर्ध्या पगारी. हे कॅलेंडरचे दिवस, शनिवार-रविवार धरून. प्रसूतीआधी घेतलेला प्रत्येक दिवस नंतरच्यातून वजा होतो. कायदा २०२१ चा, लागू फेब्रुवारी २०२२ पासून. त्यातच आई आणि वडील दोघांना प्रत्येकी पाच कामाचे दिवस पॅरेंटल रजा आहे, बाळ सहा महिन्यांचं होईतो घ्यायची. नवरे ही मागत नाहीत, त्यांना माहीतच नसते. कामावर परतल्यावर दूध पाजण्या-काढण्यासाठी दिवसाला एक तास मिळतो, एकदम किंवा दोनदा मिळून, प्रसूतीपासून सहा महिने. रुजू व्हायच्या आधी ईमेलने वेळ लिहून कळवा.

काढलेलं दूध पंचवीस अंशांच्या आत चार तास टिकतं. ऑफिसचा एसी ठीक, पण पार्किंगपासून घरापर्यंतचा प्रवास हा खरा घोटाळा. बर्फाच्या विटा घातलेली थंड पिशवीच हवी, आणि ती डिकीत नाही, पायाशी, एसीच्या झोतात. फ्रीजमध्ये चार दिवस चालतं, दारात न ठेवता मागच्या बाजूला.

शारजा

पाणी! कुणी लिहिलं नाही म्हणून मी लिहिते.

टाकी गच्चीवर असते. जून ते सप्टेंबर गार पाण्याचा नळ सोडला की चटका बसतो, आणि बाळाला त्याखाली धरलं तर भाजतं. त्यावर इथला जुना तोडगा असा: उन्हाळाभर वॉटर हीटरचं बटण बंद. हीटर न्हाणीघराच्या फॉल्स सीलिंगमध्ये, म्हणजे एसीच्या गारव्यात असतो. त्यातलं साठलेलं पाणी खोलीच्या तापमानाला येतं. म्हणजे उन्हाळ्यात लाल खुणेचा नळ गार आणि निळ्या खुणेचा गरम. पाहुण्यांना हे आधी सांगा. हीटर पन्नासेक लिटरचा असतो, दोघं पाठोपाठ न्हाली की वरचं तापलेलं पाणी त्यात उतरतं. म्हणून बाळाची अंघोळ घरात सर्वांत आधी, किंवा आदल्या रात्री बादली भरून झाकून खोलीत ठेवायची.

कोपर बुडवून बघणं पुरेसं आहे, पण बालदीत आधी पाणी, मग बाळ. नळ सुरू ठेवून अंघोळ नको, धारेचं तापमान मध्येच बदलतं. तेल लावताना आणि न्हाऊन आणताना एसी बंद, दार लोटलेलं. अंग कोरडं करून कपडे घातले की २५-२६ वर लावा. झोत पाळण्यावर येत असेल तर पाळणा हलवा, एसी नाही. स्प्लिटची जाळी दोन आठवड्यांनी धुवा, धुळीचं वादळ येऊन गेलं तर त्याच दिवशी. नातूरला (इमारतीच्या राखणदाराला) सांगितलं की तो माणूस पाठवतो, पण जाळी काढणं पाच मिनिटांचं काम आहे.

दुबई, स्वयंपाकघरातून

खसखस आणू नका. अमिरातीत ती अमली पदार्थांच्या नियमात येते. डब्यातली चिमूटभर असो वा डिंकाच्या लाडवात घातलेली, विमानतळावर समजावून सांगता येत नाही. भारतातून येणारे लाडू बिनखसखशीचे करायला सांगा, अनारसे सुद्धा. त्या जागी भाजलेले पांढरे तीळ. विड्याची पानंही बंदीच्या यादीत आहेत, बारशाला सुपारी-पानाचा हट्ट नको. खोकल्याच्या औषधात कोडीन असेल तर तेही नको.

अळीव मात्र भारतातून वाहून आणायची गरज नाही. मसाल्याच्या अरबी दुकानात 'रशाद' मागा. अरबी घरांतही बाळंतिणीला हेच देतात, त्यामुळे दुकानदार बाळ कितव्या दिवसाचं आहे ते विचारतो. मेथीला 'हुलबा' म्हणा, सुंठीला 'जंजबील'.

लाडवाचं माप: अळीव पाव वाटी, नारळाचं पाणी एक वाटी, दोन-अडीच तास भिजवून. खोबरं अडीच वाट्या, गूळ दीड वाटी. बहुतेक जण बकाल्यातलं (कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातलं) फ्रोझन खोवलेलं खोबरं वापरतात आणि इथेच फसतं. ते पूर्ण वितळवून, हाताने पिळून घ्या. पाणी राहिलं तर मिश्रण आळायला दुप्पट वेळ लागतो, तोवर गुळाचा पाक पुढे जातो आणि लाडू चिक्कीसारखे होतात. आच मंद, कडेने सुटायला लागलं की उतरवा, तेव्हा थोडं सैलच वाटलं पाहिजे. एसीच्या खोलीत ते गार होताना घट्ट होतं. फ्रीजमध्ये आठवडाभर, बाहेर एकच दिवस.

अजमान

लशी: भारतात ६, १०, १४ आठवडे, इथे २, ४, ६ महिने. गोवराचा पहिला डोस भारतात नवव्या महिन्यात, इथे एमएमआर (गोवर-गालगुंड-रुबेला) बाराव्यात. मध्येच भारतात गेलात तर वेळापत्रकांची खिचडी होते. पुस्तिकेचा फोटो फोनमध्ये ठेवा, प्रत्येक लशीचं नाव आणि तारीख स्पष्ट दिसेल असा, आणि पुढचा डोस कुठल्या वेळापत्रकाने ते डॉक्टरांना ठरवू द्या.

ड जीवनसत्त्वाचे थेंब. एवढं ऊन असून ते का द्यायचं, असं आजी विचारतेच. ऊन बाहेर, आपण काचेआड. अंगावर पिणाऱ्या बाळाला रोज ४०० युनिट सांगतात. धोका बाटली बदलताना असतो: काही कंपन्यांच्या एका थेंबात ४०० युनिट, काहींच्या एका मिलिलिटरमध्ये. जुन्या सवयीने नव्या बाटलीतून मिलिलिटरभर दिलं तर कित्येक पट जातं. बाटली बदलली की लेबल मोठ्याने वाचा, दोघांनी.

शाळा थोडक्यात. भारतीय अभ्यासक्रमाचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं, केजी वनला ३१ मार्चपर्यंत चार वर्षं पूर्ण हवीत. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात जन्मलेलं मूल वर्षभर थांबतं, रांगेत कितीही आधी उभं राहा. बसची फी वेगळी असते. शारजात आठवडा चार दिवसांचा, शुक्रवार ते रविवार सुट्टी. दुबईत शुक्रवारी अर्धा दिवस. नवरा दुबईत आणि शाळा शारजात असेल तर शुक्रवारी मूल कुठे, याचं उत्तर घर भाड्याने घेण्याआधी शोधा.

दुबई

गाडीची सीट: चार वर्षांखालच्या मुलाला ती सक्तीची, जुलै २०१७ पासून, नसेल तर ४०० दिरहम दंड. पुढच्या सीटवर बसायला दहा वर्षं आणि १४५ सेंटीमीटर. गाडी उन्हात असेल तर सीटवर पांढरा टॉवेल टाकून जा. परत आल्यावर बकलचं धातूचं टोक आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघा, मगच पट्टा ओढा. बागेतल्या घसरगुंडीलाही हीच चाचणी, सूर्य मावळल्यानंतर सुद्धा, कारण प्लास्टिक तासभर तापलेलंच राहतं. उन्हाळ्यात बागा रात्री आठनंतर भरतात, मुलांच्या झोपेची वेळ त्याप्रमाणे सरकवावी लागते.

अबुधाबी, वरच्यात भर

कामवालीबद्दल. दुसऱ्याच्या व्हिसावरची बाई तासावर घरी ठेवू नका, दंड जबर आहे आणि तिचीही नोकरी जाते. स्वतःच्या व्हिसावर ठेवलीत तर आठवड्याला एक पगारी सुट्टी, दिवसाला बारा तास विश्रांती, त्यातले आठ सलग, हे कायद्याने तिचं आहे. रात्री बाळासाठी उठायला तिला लावायचं असेल तर ते आठ सलग तास दिवसा मोकळे द्यावे लागतात. हे आकडे कराराच्या दिवशीच वहीत लिहून फ्रीजवर लावा, तिच्या भाषेत.