पाच महिन्यांचे बाळ आणि अडीच वर्षांची मुलगी: सर्दी-खोकल्यात घरी काय करावे आणि काय टाळावे?

प्रश्न (मखमलाबादची आई)

नमस्कार. आम्ही नाशिकमध्ये मखमलाबादच्या पुढे मळ्यातल्या घरात राहतो. थंडी वाढल्यापासून आमच्या घरात सर्दी मुक्कामालाच आल्यासारखी झाली आहे. मोठी मुलगी अडीच वर्षांची असून ती खेळगटात जाते. तिचे नाक वाहू लागले की थोड्याच दिवसांत पाच महिन्यांच्या मुलालाही सर्दी होते. सध्या बाळाला ताप नाही आणि तो हसतो-खेळतोही, परंतु नाक चोंदल्यामुळे दूध पिताना मध्येच तोंड काढून रडतो आणि रात्री झोपेत त्याच्या नाका-घशातून घरघर ऐकू येते. मुलीचा खोकला दुसरा आठवडा उलटला तरी पहाटे उचल खातो. दिवसभर मात्र ती व्यवस्थित असते.

माझ्या सासूबाई दोन्ही मुलांचे फार प्रेमाने करतात. बाळाला ओव्याची धुरी द्यावी, छातीला कापूर घातलेले तेल चोळावे आणि सितोपलादी चूर्ण मधातून चाटवावे, असे त्यांचे म्हणणे आहे. शेजारच्या वहिनींनी मुलीच्या खोकल्याच्या औषधातलेच थोडे बाळाला देऊन पाहा, असे सुचवले. यांपैकी काय चालते, काय धोक्याचे आहे आणि कोणत्या क्षणी घरचे उपाय सोडून दवाखाना गाठावा, हे मला नीट समजून घ्यायचे आहे. सासूबाईंना न दुखावता हे कसे सांगावे, तेही कोणी सुचवल्यास बरे होईल.

उत्तर १ (बालरुग्ण विभागातील परिचारिका, नाशिकरोड)

ताई, तुम्ही विचारून मग करत आहात, हे फार बरे केलेत. लहान मुलांची सर्दी विषाणूंमुळे होते आणि तिला लवकर घालवणारे औषध नाही. प्रतिजैविके जिवाणूंवर काम करतात, विषाणूंवर नाही. त्यामुळे नाकातला शेंबूड पिवळा किंवा हिरवा झाला एवढ्यावरून ती सुरू करण्याचे कारण नसते. खेळगटात जाणाऱ्या निरोगी मुलाला वर्षातून सहा ते आठ वेळा सर्दी होणे सर्वसामान्य आहे. सर्दी बहुधा 7 ते 10 दिवसांत ओसरते, खोकला मात्र दोन-तीन आठवडे रेंगाळतो. त्यामुळे मुलीचा पहाटेचा खोकला, ती खात-पीत आणि खेळत असेल, तर अजून काळजीचा नाही. तीन आठवड्यांनंतरही तो टिकला किंवा छातीतून शिट्टीसारखा आवाज येऊ लागला, तर तिला तपासून घ्यावे.

बाळाची खरी अडचण नाकाची आहे. इतक्या लहान वयात बाळ मुख्यतः नाकानेच श्वास घेते. नाक बंद झाले की दूध ओढणे आणि श्वास घेणे ही दोन्ही कामे एकाच वेळी त्याला जमत नाहीत, म्हणून तो तोंड काढून रडतो. मेडिकलमध्ये नाकात घालण्याचे साधे मिठाच्या पाण्याचे थेंब मिळतात. दूध पाजण्याच्या दहा-पंधरा मिनिटे आधी आणि झोपवण्यापूर्वी प्रत्येक नाकपुडीत एक-दोन थेंब टाका, क्षणभर थांबा आणि बाहेर आलेला चिकट द्रव मऊ सुती कापडाने टिपून घ्या. फार दाटून आले असेल, तर रबरी पंपाने हलकेच ओढता येते. परंतु दिवसातून अनेकदा ओढल्यास नाकाच्या आतली त्वचा सुजते आणि नाक अधिकच चोंदते. थेंबांच्या बाटलीवर फक्त सोडियम क्लोराईड (म्हणजे मीठ) लिहिलेले आहे ना, हे मात्र पाहून घ्या. चोंदलेले नाक मोकळे करणारे मोठ्यांचे औषधी थेंब दिसायला तसेच असतात, पण ते बाळाला द्यायचे नसतात.

अंगावरचे दूध थांबवू नका. उलट थोडे थोडे, जास्त वेळा पाजा. सर्दी झाली म्हणून आईने दही, ताक, केळी सोडण्याची गरज नाही. मुलीला कोमट पाणी, पातळ वरण, भाताची पेज, जे आवडीने घेईल ते द्या. रात्री बाळाला पाठीवरच झोपवा. डोक्याखाली उशी ठेवल्याने श्वास मोकळा होतो, हा समज चुकीचा आहे. उशीमुळे मान पुढे दुमडते. घरघर त्रासदायक वाटत असेल, तर झोपवण्यापूर्वी काही वेळ त्याला खांद्याशी उभे धरा.

आता दवाखान्याविषयी. बाळ शांत असताना त्याच्या पोटावरचा कपडा वर करून घड्याळ लावा आणि पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिन्यांच्या आतील बाळाचे श्वास मिनिटाला 60 किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत 50 किंवा अधिक आणि एक ते पाच वर्षांपर्यंत 40 किंवा अधिक असल्यास तो जलद श्वास समजतात, आणि तो न्यूमोनियाचा इशारा असू शकतो. तुमच्या मुलासाठी 50 आणि मुलीसाठी 40 हे आकडे लक्षात ठेवा. रडताना किंवा दूध पिताना मोजू नका, कारण तेव्हा श्वास आपोआप वाढतो. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जाणे, प्रत्येक श्वासाला कण्हल्यासारखा आवाज येणे, ओठ निळसर पडणे, बाळाने दूध पूर्ण सोडणे, सहा-आठ तास लघवी न होणे, झटका येणे किंवा उठवूनही बाळ सुस्तच राहणे, यांपैकी एकही गोष्ट दिसली तर सकाळ होण्याची वाट पाहू नका. तीन महिन्यांच्या आतील बाळाला 100.4 अंश फॅरेनहाइट किंवा त्याहून अधिक ताप आला, तर घरी औषध न देता लगेच डॉक्टरांकडे न्यावे. तुमच्या बाळाने हा टप्पा ओलांडला असला, तरी त्याला ताप आलाच तर त्याच दिवशी दाखवून घ्या.

उत्तर २ (सिडकोतील एक आजी)

सूनबाई, तुमच्या सासूबाईंच्या वयाची मी आहे, म्हणून त्यांच्या बाजूने आधी बोलते. आमच्या काळी दवाखाना लांब होता आणि थंडीत बाळाचे अंग उबदार ठेवणे हाच मोठा उपाय होता. त्यातले चांगले आजही चांगलेच आहे. बाळाला टोपडे घालणे, पाय झाकणे, कोवळ्या उन्हात थोडा वेळ घेऊन बसणे, मालिशचा हलका हात, हे सगळे सासूबाईंना करू द्या. मात्र मालिशचे तेल नाकात किंवा कानात सोडू देऊ नका. तेल श्वासनलिकेत उतरले, तर फुप्फुसाला इजा होते, असे आमच्या नातवाच्या डॉक्टरांनी मला चित्र काढून समजावले होते.

धुरीबद्दल मी स्पष्टच सांगते. ओवा असो, ऊद असो किंवा वेखंड, जळले की त्याचा धूरच होतो आणि सुजलेल्या श्वासनलिकेला तो अधिक झोंबतो. थंडीत बाळाच्या खोलीत कोळशाची शेगडी ठेवून दारे-खिडक्या लावून घेणे तर जिवावर बेतू शकते, कारण त्यातून निघणाऱ्या विषारी वायूला ना रंग असतो ना वास. मी माझ्या मुलीच्या बाळंतपणात शेगडीऐवजी खोली आधीच उबदार करून घेण्याचा आणि बाळाला कपड्यांचे दोन-तीन पातळ थर घालण्याचा आग्रह धरला होता.

सासूबाईंना "हे करू नका" असे म्हणण्यापेक्षा त्यांच्या हाती काम द्या. श्वास मोजण्याचे काम त्यांना शिकवा. बाळाकडे एक मिनिट टक लावून पाहण्याचा धीर आम्हा म्हाताऱ्यांना तुम्हा धावपळीतल्या मुलींपेक्षा जास्त असतो, आणि आपल्याला विचारले गेले याचे त्यांना समाधानही वाटेल.

मखमलाबादची आई

आजी, परिचारिका ताई, मनापासून आभार. आत्ताच बाळ झोपेत असताना सासूबाईंनी श्वास मोजले, ते पन्नासच्या बरेच खाली आहेत. मध, कापूर आणि मुलीच्या औषधाबद्दल अजून कोणी सविस्तर सांगू शकेल का? आणखी एक विचारायचे राहिले. आमच्या मळ्यात द्राक्षे आहेत आणि मुलगी घडाजवळून हलत नाही; खोकला असताना तिला द्राक्षे दिली तर चालतील का?

उत्तर ३ (फार्मासिस्ट, गंगापूर रोड)

नमस्कार ताई. तुमच्या शेजारच्या वहिनींचा सल्ला कृपया मानू नका, आणि मुलीची ती बाटलीही डॉक्टरांना दाखवल्याशिवाय पुढे वापरू नका.

सर्दी-खोकल्याच्या बहुतेक सिरपमध्ये दोन-तीन औषधे एकत्र केलेली असतात. त्यांतली काही झोप आणतात आणि काही नाकातल्या रक्तवाहिन्या आकसवतात. लहान मुलांना त्यांचा फायदा होतो असे दिसून आलेले नाही, उलट गुंगी, हृदयाचे ठोके वाढणे, श्वास मंदावणे असे त्रास होऊ शकतात. क्लोरफेनिरामाइन (झोप आणणारे) आणि फिनाइलेफ्रिन (रक्तवाहिन्या आकसवणारे) यांचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असा इशारा बाटलीवर छापण्याचे आदेश केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर 2023 मध्ये दिले. त्यानंतर 2025 मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या सिरपमुळे मूत्रपिंडे निकामी होऊन 20 हून अधिक बालके दगावली. त्या सिरपमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन 48 टक्क्यांहून अधिक आढळले. त्याची मान्य मर्यादा 0.1 टक्का आहे. केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने 3 ऑक्टोबर 2025 रोजी सूचना काढली की, दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे लिहून देऊ नयेत किंवा दुकानातूनही देऊ नयेत, आणि पाच वर्षांखालील मुलांसाठीही ती सर्वसाधारणपणे शिफारस करण्याजोगी नाहीत. काउंटरवर उभा असताना रडवेले पालक "काहीतरी द्या हो" म्हणतात, तेव्हा रिकाम्या हाती परत पाठवणे मलाही जड जाते, पण मिठाच्या पाण्याचे थेंब देऊन मी त्यांना हेच समजावतो.

मधाविषयी नियम सोपा आहे. एक वर्षाच्या आत मध अजिबात नाही; चाटण, बाळगुटी, चोखणीला लावलेला थेंब, कशातूनही नाही. मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. ते बाळाच्या आतड्यात रुजले, तर तिथे विष तयार करतात आणि त्यामुळे बाळाचे स्नायू लुळे पडू लागतात. मध घरच्या पेट्यांतला शुद्ध असला किंवा गरम केला, तरी हा धोका जात नाही. तुमच्या मुलीचे वय मात्र अडीच वर्षे असल्याने तिला झोपण्यापूर्वी अर्धा ते एक छोटा चमचा मध देता येईल. त्याने रात्रीचा खोकला हलका होतो. त्यानंतर दात पुसून घ्यावेत. बाळाला सितोपलादी चूर्णही स्वतःहून देऊ नका, कारण कोरडी पूड त्याच्या श्वासनलिकेत जाऊ शकते.

कापूर दोन वर्षांखालील मुलांच्या छातीला, नाकाजवळ किंवा गळ्यात पुरचुंडी बांधून वापरू नये. तो त्वचेतून आणि श्वासातून शरीरात जातो, आणि चुकून पोटात गेल्यास थोड्या प्रमाणातही झटके येऊ शकतात. छातीला चोळण्याच्या बाजारातल्या मलमांतही कापूर असतो, म्हणून डबीवरील वयाची सूचना वाचावी. वाफेच्या भांड्यापासूनही मुलांना दूर ठेवावे. वाफेने सर्दी लवकर बरी होत नाही, पण भांडे कलंडून मुले भाजतात.

ताप आल्यास पॅरासिटामॉल चालते, मात्र मात्रा वयावर नव्हे तर वजनावर ठरते: दर किलोमागे साधारण 15 मिलिग्रॅम, दोन मात्रांमध्ये किमान चार ते सहा तासांचे अंतर आणि दिवसात चारपेक्षा जास्त मात्रा नाहीत. थेंबांच्या बाटलीत एका मिलिलिटरमध्ये 100 मिलिग्रॅम औषध असते, तर साध्या सिरपच्या पाच मिलिलिटरमध्ये 125 मिलिग्रॅम, म्हणजे मिलिलिटरमागे केवळ 25. सिरपचे माप लावून थेंब दिले, तर बाळाला चौपट औषध जाते. हा गोंधळ दोन मुलांच्या घरात सहज होतो, म्हणून दोन्ही बाटल्यांवर मुलांची नावे मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.

उत्तर ४ (निफाडचे द्राक्ष बागायतदार, दोन मुलांचे वडील)

ताई, द्राक्षांनी सर्दी होत नाही, खोकल्यातही मुलीला खुशाल द्या. पण अख्खा मणी देऊ नका. गोल, गुळगुळीत मणी लहान मुलाच्या श्वासनलिकेत नेमका अडकतो, आणि खोकल्याची उबळ आली असताना तर हा धोका वाढतो. पाच वर्षांपर्यंत प्रत्येक मणी उभा चिरून चार फोडी करूनच द्यावा. तिने बसून खावे, बागेत पळता पळता नाही. घडावर औषधफवारणी कधी झाली, हे विचारल्याशिवाय वेलीवरचे मणी तोडून तोंडात घालू देऊ नका, आणि तोडलेले भरपूर पाण्याने धुऊन घ्या.

मळ्यात राहणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. पारा फार खाली गेला की बागा वाचवण्यासाठी आम्ही पहाटे शेकोट्या पेटवून धूर करतो, आणि तो धूर जमिनीलगत साचून घरांपर्यंत येतो. त्या वेळी मुलांच्या खोलीच्या खिडक्या बंद ठेवा आणि ऊन वर आल्यावर, धूर निवळला की उघडा. घरात कोणी विडी-सिगारेट ओढत असेल, तर ते बाहेर ओढून येणेही पुरेसे नाही. कपड्यांतून त्याचा अंश आत येतोच.

बाळाचे लसीकरणाचे कार्डही एकदा पाहा. न्यूमोनियापासून संरक्षण देणारी न्यूमोकोकल लस सरकारी केंद्रात मोफत मिळते आणि ती दीड महिना, साडेतीन महिने व नऊ महिने या वयांत देतात. पहिल्या दोन मात्रा झाल्या आहेत ना, याची खात्री करा. फ्लूची लस सहा महिन्यांनंतर घेता येते, त्याबद्दल तुमच्या बालरोगतज्ज्ञांना पुढच्या भेटीत विचारा. रात्री-अपरात्री श्वासाचा त्रास दिसला आणि घरी गाडी नसेल, तर 108 ला फोन करा. मळ्याचा पत्ता सांगताना गट क्रमांकापेक्षा जवळचे मंदिर, शाळा किंवा पाण्याची टाकी सांगितली की गाडी लवकर सापडते.

मखमलाबादची आई

दादा, कार्ड पाहिले. साडेतीन महिन्यांची मात्रा राहिली आहे, कारण त्या आठवड्यात बाळाला सर्दीच होती. आता सर्दी असताना लस देता येईल का?

बालरुग्ण विभागातील परिचारिका, नाशिकरोड

हो ताई. ताप नसलेली साधी सर्दी असताना लस देता येते, तेवढ्यासाठी ती पुढे ढकलू नये. कार्ड घेऊन जवळच्या आरोग्य केंद्रात जा आणि त्याच भेटीत साडेतीन महिन्यांच्या इतर लसी राहिल्या आहेत का, तेही तपासून घ्या. मात्रा चुकली म्हणून सुरुवातीपासून पुन्हा घ्यावी लागत नाही, पुढची मात्रा देतात.