खडीच्या जमिनीवरून स्नोमोबिल हलवण्यासाठी कोणती डॉली (चाकांची ढकलगाडी) घ्यावी?

सर्व सभासदांना सप्रेम नमस्कार.

गेल्या वर्षी आम्ही मिनेसोटात टू हार्बर्सजवळ एक लहानशी केबिन घेतली. तिच्यासोबत दोन जुन्या स्नोमोबिलही (पुढे स्की म्हणजे घसरपट्ट्या आणि मागे रबरी पट्टा असलेल्या, बर्फावर चालणाऱ्या गाड्या) आल्या. शेडपासून ट्रेलर उभा राहतो तिथपर्यंतची सुमारे पन्नास पावलांची वाट खडीची आहे, तिचा शेवटचा भाग चढाचा आहे, आणि दर हिवाळ्यात जमीन गोठून फुगत असल्याने तिला जागोजागी खळगे पडले आहेत. एप्रिलमध्ये बर्फ वितळल्यावर गाड्या आत नेताना आणि नोव्हेंबरात बर्फ पडण्याआधी दुरुस्तीसाठी बाहेर काढताना मोठी अडचण होते. दुकानात तीन सुट्या तुकड्यांचा डॉलीसंच पाहिला. त्यावर १५०० पौंड क्षमता लिहिली आहे. तो पुरेल का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

आपला नम्र,
टू हार्बर्सचा नवा सभासद

---

नमस्कार.

तुम्ही पाहिलेला संच घेऊ नका, असे मी स्पष्टच सांगतो. त्यावरचा क्षमतेचा आकडा गॅरेजच्या गुळगुळीत काँक्रीटसाठी खरा आहे. तुमच्या वाटेवर त्याचा उपयोग नाही. टाकी भरलेली स्नोमोबिल अडीचशे-पावणेतीनशे किलोंची असते आणि तेवढे वजन जवळजवळ कोणतीही डॉली पेलते. खडीवर खरी अडचण चाक दगडावर चढवण्याची असते. १० सेंटिमीटर व्यासाच्या टणक चाकाला २.५ सेंटिमीटर उंचीचा दगड आडवा आला, तर त्या चाकावरच्या भाराच्या सुमारे १.७ पट जोर लावावा लागतो. चाक २५ सेंटिमीटरचे असेल, तर भाराच्या पाऊणपट जोरात काम होते. बैलगाडीचे चाक एवढे मोठे का करीत, ते यावरून ध्यानात येईल. चाकात हवा असेल तर आणखी चांगले, कारण टायर लहान दगड पोटात घेतो आणि रुंद असल्यास भुसभुशीत जागी रुततही नाही.

हे मी अनुभवाने सांगतो आहे. माझ्याकडेही असाच संच होता. शेडच्या काँक्रीटवरून खडीवर उतरताना बोराएवढा एक खडा चाक आणि त्याच्या लोखंडी चिमट्याच्या मध्ये अडकला, चाक जागीच थांबले, आम्ही मात्र ढकलतच होतो, आणि डावी स्की डॉलीच्या पत्र्यावरून घसरून माझ्या बुटापासून चार बोटांवर खडीत आदळली. स्कीच्या तळाशी कार्बाइड हा अतिशय कठीण पदार्थ बसवलेली पट्टी असते. तिने काँक्रीटच्या कडेवर पाडलेला चरा आजही तिथे आहे.

आता निवडीविषयी. माझ्या मते तुम्हाला संपूर्ण गाडी उचलणारी डॉली लागणारच नाही. इंजिन बंद असताना क्लचची पकड सुटलेली असते, त्यामुळे मागचा रबरी पट्टा ढकलल्यावर जड का होईना, पण फिरतो. जमिनीत रुतून बसतात त्या स्की. म्हणून पुढचा भाग उचलणारी, दोन मोठ्या हवेच्या चाकांची, लांब दांड्याची डॉली पाहा. पट्ट्याच्या आतील रुळांना खालून प्लास्टिकच्या पट्ट्या असतात, त्यांना थंडावा आणि वंगण बर्फापासूनच मिळते. इंजिनाने कोरड्या जमिनीवरून गाडी चालवली तर त्या तापून झिजतात. हाताने ढकलताना वेग इतका कमी असतो की तो धोका राहत नाही. अशी व्यवस्था दोन चाके आणि पट्टा अशा तीन ठिकाणी टेकते, त्यामुळे खळग्यात एखादे चाक अधांतरी राहून गाडी डुलत नाही.

चढाकडे मात्र दुर्लक्ष करू नका. दहा फुटांत एक फूट चढ असेल, तर २७० किलोंची गाडी २७ किलोंच्या जोराने मागे ओढते, आणि खडीचा विरोध त्याशिवाय असतो. ट्रेलरला हाताने फिरवायची विंच (दोर गुंडाळून वजन ओढणारे यंत्र) लावा, स्की बांधायच्या पट्ट्याने डॉलीला घट्ट आवळा, आणि दोन लाकडी उट्या (चाकाखाली लावायच्या पाचरी) घेऊन एक माणूस मागून, पण गाडीच्या रेषेच्या बाजूला राहून चालू द्या. थंडीत टायरमधली हवा कमी होते, तेव्हा नोव्हेंबरात पंप जवळ ठेवा.

आपला,
डुलुथचा जुना सभासद

---

नमस्कार काका आणि मंडळी.

काकांच्या म्हणण्याशी मी सहमत आहे, एका गोष्टीचा अपवाद करून. जुन्या गाड्यांच्या पट्ट्याला बर्फावर पकड मिळावी म्हणून धातूचे खिळे बसवलेले असू शकतात. तसे असेल तर पट्टा काँक्रीटवर किंवा ट्रेलरच्या लाकडी फळ्यांवर तसाच फिरवू नये. आम्ही प्लायवुडचे दोन जुने तक्ते ठेवले आहेत. गाडी एकावर आली की मागचा उचलून पुढे टाकतो. वेळ लागतो, पण जमीन आणि पट्टा दोन्ही वाचतात. गाडी आत नेल्यावर पट्ट्याच्या खिडक्यांत, म्हणजे त्यातल्या भोकांत, अडकलेले खडे आठवणीने काढावेत, कारण एखादा खडा पट्टा आणि रूळ यांच्यामध्ये राहिला, तर पहिल्या बर्फाच्या दिवशी तो पट्टा फाडू शकतो. आणि कृपया, ढकलणे टाळण्यासाठी बंद शेडमध्ये इंजिन सुरू करू नका.

आपली,
सेंट क्लाउडची एक सभासद

---

काका आणि ताई, मनःपूर्वक आभार.

आज दोन्ही गाड्या पाहिल्या. एकीच्या पट्ट्याला खरोखरच खिळे आहेत. दोन स्कींमधले अंतर एकीचे ४२ इंच आणि दुसरीचे ३६ इंच भरले, त्यामुळे रुंदी कमी-जास्त करता येईल अशीच डॉली घेईन. काका, आपली डॉली येत्या शनिवारी पाहायला आलो तर चालेल का? प्लायवुड मी घेऊन येईन.