चर्चा: साखरवाल्या माणसाच्या पायाला ब्लेड लावायचा हक्क कोणाला?

सुदामानगरकर
आम्ही इंदूरचे. आमचे नाना ७८ वर्षांचे, साखर २२ वर्षांपासून. त्यांना वाकवत नाही आणि माझा हात थरथरतो, म्हणून गेल्या पावसाळ्यात एका एजन्सीतर्फे नखं कापायला सिस्टर बोलावल्या. त्यांनी अंगठ्याचं नख दोन्ही कोपऱ्यांत खोलवर गोल कापलं. नाना पेपर वाचत बसले होते, ‘हुं’ सुद्धा केलं नाही. चौथ्या दिवशी मोज्यावर पिवळट डाग! अंगठा वाचला, पण सात आठवडे ड्रेसिंग चाललं. मग चौकशी केली तर बाई नर्स नव्हत्याच, सहा महिन्यांचा अटेंडंटचा कोर्स केलेल्या. पांढरा कोट बघून आम्हीच सिस्टर म्हणत होतो.

अमेरिकेत नर्सला पायांच्या देखभालीची वेगळी परीक्षा देता येते (सीएफसीएन म्हणतात). आधी नोंदणीकृत नर्स असावं लागतं, आणि ते प्रमाणपत्र दर पाच वर्षांनी नव्याने मिळवावं लागतं. कॅनडात तर अशा नर्सांची स्वतःची संघटना आहे. आपल्याकडे क्रिटिकल केअरचा डिप्लोमा आहे, ऑन्कॉलॉजीचा (कॅन्सरचा) आहे, पायांचं नाव नाही. माझं म्हणणं सरळ आहे. तशी पात्रता येईपर्यंत नोंदणीकृत नर्स सोडून कोणी मधुमेह्याच्या नखाला हात लावू नये. बोला.

भिया_छप्पनवाले
आज पायाची नर्स, उद्या कानाची. आमची आत्या पार्लरमध्ये पेडिक्युअर करते, साखर तिलाही आहे, काय झालं? उगाच घाबरवू नका हो.

वॉर्डातल्या मावशी
भिया, आत्याचे पाय अजून दुखतात ना? मग देवाचे आभार मानून एकदा तपासून घ्या. साखरेने पाय सुन्न होतात, ज्याचे दुखायचे बंद झालेत त्याची भीती.

सुदामानगरकर, मी ३४ वर्षं वॉर्डात काढली, तरी तुमचं म्हणणं पटत नाही. मी पक्की नोंदणीकृत, पण आमच्या जीएनएमच्या (नर्सिंग डिप्लोमाच्या) तीन वर्षांत नखं कशी कापायची यावर अर्धा तास सुद्धा गेला नसेल. मी शिकले ते कुष्ठरोगाच्या रुग्णांकडून. सुन्न पायाचं बरंच शास्त्र तिथूनच आलंय. सर्जन पॉल ब्रँड यांनी वेल्लोरला दाखवून दिलं की बोटं रोगाने झडत नाहीत, दुखत नाही म्हणून माणूस जखमेवरच चालत राहतो आणि पाय झिजतो. आज मधुमेह्यांना देतात ती एमसीआरची (मऊ रबराची) चप्पल आधी त्याच पायांसाठी होती.

नानांच्या बाबतीत चूक नखाआधीच झाली. पायाला कळतंय का, हे कोणी बघितलंच नाही. दहा ग्रॅमचा मोनोफिलामेंट म्हणजे नायलॉनचा एक जाड केस. तो वाकेपर्यंत तळव्याला टेकवायचा, रुग्णाचे डोळे मिटलेले. अंगठ्याखाली एकदा, चवड्यावर दोन जागी. आणि मधेच एकदा न टेकवता विचारायचं, ‘लागलं का?’ हे शिकायला प्रमाणपत्र कशाला? नाहीतर इंदूरबाहेर देपालपूर-सांवेरच्या म्हाताऱ्यांनी कोणाची वाट बघायची?

क्लिनिक_तिलकनगर
मावशी, तपासणी शिकवता येते, मान्य. पण मानक म्हणजे भिंतीवरची फ्रेम नव्हे. मी विचारतो ते असं: ते नेलकटर आदल्या घरी कोणाच्या पायाला लागलं होतं?

बहुतेक जण सांगतात, ‘उकळून घेतलं डॉक्टर.’ उकळत्या पाण्यात जंतूंचे चिवट बीजाणू मरतीलच असं नाही. ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाच्या वाफेने निर्जंतुक करायच्या यंत्रात) १२१ अंश, १५ पौंड दाब, पंधरा-वीस मिनिटं. ते जमत नसेल तर प्रत्येक रुग्णाचा सेट त्याच्याच घरी, त्याच्याच डब्यात ठेवा. दुसरं, कुरूपावर लावायच्या पट्ट्या. त्यात सॅलिसिलिक अॅसिड असतं. सुन्न पायावर ते चांगली कातडीही खातं आणि कळत नाही. माझ्याकडे महिन्याला एक तरी असा येतोच.

आणि किती वेळा बघायचं, हेही ठरलेलं आहे. मधुमेही पायांसाठीच्या आंतरराष्ट्रीय कार्यगटाच्या २०२३च्या मार्गदर्शिकेत चार गट आहेत. काहीच दोष नसेल तर वर्षातून एकदा, आधी जखम होऊन गेली असेल तर एक ते तीन महिन्यांनी. नाना आता त्या शेवटच्या गटात आले.

होमकेअर_जीएनएम
मी घरोघर जाते म्हणून लिहिते. ऑटोक्लेव्ह कोण घेऊन देणार? एका व्हिजिटचे जे मिळतात त्यातून एजन्सी कापते, पेट्रोल माझं. घरचे म्हणतात, ‘सिस्टर, आलाच आहात तर नखं पण बघा.’ नाही म्हटलं तर पुढच्या वेळी दुसरी येते. परीक्षा काढली तर फी मीच भरायची आणि पगार तोच. सुदामानगरकर काका, राग मानू नका, पण तुम्ही तरी त्या बाईंचं नोंदणीचं कार्ड बघितलं होतं का?

सुदामानगरकर
नाही बघितलं, ताई. तुमचा मुद्दा लागला.

तरी मी मागे हटत नाही. डॉक्टरसाहेबांनी जे सांगितलं ते सगळं एका माणसाला यायला हवं, आणि त्याला ते येतं हे मला दारातच कळायला हवं. नाहीतर मी कशावरून ओळखू?

वॉर्डातल्या मावशी
नागपूरचे डॉ. शरद पेंडसे यांनी मधुमेही पायांच्या ‘स्टेप बाय स्टेप’ उपक्रमात डॉक्टर आणि नर्स अशा जोड्या करून शिकवलं होतं. मला ते आवडतं. एकट्या नर्सला परीक्षेला बसवून काय होणार, तिने ‘हा पाय आज दाखवा’ म्हटल्यावर ऐकणारं कोणी नको?

तोवर घरी करा. नखं सरळ कापा, कोपरे घासा. मोजे पांढरे घाला, डाग दिसतो (तुमचं त्यानेच निभावलं). मोनोफिलामेंट नसेल तर बोटाच्या टोकाने अंगठा, मधलं बोट, करंगळी हलकेच शिवा, एक-दोन सेकंद, दोन्ही पाय. सहापैकी दोन चुकले तर डॉक्टर गाठा. आणि वैशाखात खजराण्याच्या गणपतीला अनवाणी प्रदक्षिणा बंद!

सुदामानगरकर
प्रदक्षिणेवरून घरात महाभारत होईल, मावशी.

काल रात्री केलं. उजव्या पायाची करंगळी कळली नाही, डाव्याची तिन्ही बोटं नाहीत. मग तुम्ही सांगितलं तसं हात मागे घेऊन नुसतं विचारलं. नाना डोळे मिटून म्हणाले, ‘हो, आत्ता लागलं.’

क्लिनिक_तिलकनगर
उद्या सकाळी घेऊन या. जी चप्पल रोज घालतात तीही आणा.